जोडातलं वाक्य

बोलायला सभागृहात दोनशे तोंडं होती आणि लिहायला एका वेळी एक हात. तो हात दर पाच मिनिटांनी बदलायचा. अध्यक्षांच्या आसनाखाली एक टेबल होतं, इतकं अरुंद की दोघी शेजारी बसल्या की कोपराला कोपर लागे. तिथे बसून लघुलिपीत शब्द न् शब्द टिपायचा, पाच मिनिटं झाली की उठायचं, वरच्या मजल्यावर जाऊन आपलं टिपण टंकायचं. तोवर खाली दुसरी, मग तिसरी, मग चौथी. चौघींचे तुकडे जोडले की दिवसाचं कामकाज तयार. एकदा ते छापलं की काळ्या दगडावरची रेघ. मागाहून कोणी कितीही छाती बडवून सांगो की मी असं म्हणालोच नव्हतो. छापलंय ना? मग म्हणालास.

आता तुकडे जोडायचे म्हणजे सांध्यावर काहीतरी सांडायची भीती. त्यासाठी शाखेत एक जुनी रीत होती. पुढची लेखिका अर्धं मिनिट आधी येऊन बसायची आणि बसल्याबरोबर लिहायला लागायची. आधीचीही लिहीत असायची. ते अर्धं मिनिट दोघींच्या वहीत यायचं, आणि त्याला त्या ‘जोड’ म्हणत. टंकताना मात्र जोड नेहमी येणारीचा. जाणारीने, पुढची येऊन बसताच वहीत आडवी रेघ मारलेली असायची, तिथे थांबायचं. एका लेकराला दोन आया नकोत, म्हणत शाखेत. खाली टेबलावर बोलायची सोय नव्हती, म्हणून खुणा होत्या. पेन्सिल आडवी ठेवली म्हणजे ‘मी सुटले’. तळहात पालथा टेकवला म्हणजे ‘थांब, हे मी घेतेय’. ही दुसरी खूण वर्षातून एखाद्या वेळी लागायची. कोणी आकड्यांच्या रांगा भरभर वाचून दाखवत असला, तर मध्येच हात बदलणं बरं नसे.

शाखेतल्या सगळ्याजणी तिला ताईच म्हणत. घरी भाऊही ताई म्हणायचा, त्यामुळे खरं नाव सेवापुस्तकात तेवढं उरलं होतं. ताईच्या लिखाणात सव्वीस वर्षांत एक चूक निघाली नव्हती. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. लपवायला हवा होता.

त्या दिवशी कारखाने तपासणीचं विधेयक होतं. बॉयलर, लिफ्ट, रसायनांच्या टाक्या, अशा सगळ्या धोक्याच्या यंत्रांची सरकारी तपासनीस दर वर्षी पाहणी करायचे, ती बंद होणार होती. त्याऐवजी मालकाने आणि यंत्रावरच्या परवानाधारक कामगाराने एका फॉर्मवर सही करायची, की आम्ही तपासलं, सगळं ठीक आहे. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्यानेच स्वतःचा पेपर तपासायचा.

उद्योगमंत्री बोलायला उभा राहिला की बाकं वाजायची. माणूस बोलायचाही छान. “कारखानदाराला चोर समजणं आपण कधी बंद करणार?” तो म्हणाला. “तपासनीस येतो, दोन दिवस कारखाना बंद पाडतो, पाकीट घेतो, शिक्का मारतो आणि जातो. याला तुम्ही सुरक्षा म्हणता? शेजारच्या देशांत कारखाने उभे राहतात आणि आपल्याकडे फायली! कामगारांच्या सुरक्षेशी तडजोड होणार नाही, हा माझा शब्द आहे.”

खोटं काहीच नव्हतं त्यात, पाकीटसुद्धा नाही. ताईचा भाऊ कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात बॉयलरवर होता. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे वाफेवर धुतल्या जात. तोच सांगायचा, “पाकीट घेतोच तो. डोळ्यांदेखत घेतो. पण ताई, भट्टी थंड करून, दिवा घेऊन आत वाकूनही बघतो. हातोडीने नळ्या ठोकतो. मागच्या साली दोन नळ्या बदलायला लावल्या, मालक नुसता जळत होता.” तो बॉयलर एकतीस वर्षांचा होता.

विरोधी बाकांवर एक म्हातारे सदस्य होते. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी एक छोटी दुरुस्ती आणली होती: पंधरा वर्षांहून जुन्या यंत्रांची सरकारी तपासणी चालू ठेवा, नव्यांचं तुम्ही खुशाल काय ते करा. सरकारकडे बहुमत होतं ते दोन डोक्यांचं, आणि सरकारच्याच बाकांवरचे तिघे मास्तरांच्या बाजूला झुकलेले. मतदान झालं असतं तर मंत्र्याची फजिती ठरलेली. ताई लिहीत होती. टेबलावर बसल्यावर ऐकायचं, समजून घ्यायचं नाही, असं ती नव्या मुलींना शिकवायची. त्या दिवशी तिला सगळं समजत होतं.

तिची पाच मिनिटं संपत आली. पुढची लेखिका येऊन शेजारी बसली. ती वर्षभरापूर्वीच लागलेली, अजून कायम न झालेली पोरगी. सगळ्या तिला नवी म्हणत. ताईने सवयीने आडवी रेघ मारली. तेवढ्यात मंत्री जागेवरून अर्धवट उठला. माईक मास्तरांचा चालू होता, त्याचा बंद. बाकांवर गलका चाललेला. पण ताई तीन हातांवर होती.

“मास्तर, दुरुस्ती मागे घ्या,” मंत्री म्हणाला. “पंधरा वर्षांवरच्या बॉयलरची दर वर्षी सरकारी तपासणी होईल. नियमांत घालतो. हे मी सभागृहात आश्वासन देतो.”

ताईने तळहात पालथा टेकवला. हे मी घेतेय. नवीने पेन्सिल उचलून धरली. भावाच्या बॉयलरचं वाक्य ताईने स्वतःच्या हाताने लिहिलं, शेवटच्या शब्दापर्यंत. दुसऱ्या कोणाला ते द्यावंसं तिला वाटलं नाही, एवढंच. मग तिने पेन्सिल आडवी ठेवली, आणि तिथून नवी लिहू लागली.

“मंत्रिमहोदयांचा शब्द मानून मी दुरुस्ती मागे घेतो,” मास्तर म्हणाले. अध्यक्षांनी विचारलं, बाजूच्यांनी ‘होय’ म्हणावं, विरोधातल्यांनी ‘नाही’. ‘होय’चा आवाज मोठा झाला. विधेयक मंजूर.

संध्याकाळी दोन खोल्यांच्या त्यांच्या घरात भाऊ खिडकीशी बसला होता. तो एक्केचाळीसचा, ताई चौपन्नची. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, तेव्हापासून ताईनेच त्याला वाढवलं. दोघांचीही लग्नं राहून गेली. लोक विचारायचे तेव्हा तो म्हणायचा, “घरात एक मुख्यमंत्री आहे तेवढी पुरे.”

“मालक म्हणतोय, फॉर्मवर सही करावी लागेल,” तो म्हणाला. “परवाना माझ्या नावावर आहे ना. मी नाही करणार. एका गोदामावर रखवालदार पाहिजे आहे. पगार निम्मा आहे, पण रात्री झोप तरी लागेल. मागच्या पत्र्याला पांढरं यायला लागलंय ताई, पाझरतोय तो. थंड करून आत शिरल्याशिवाय नक्की कळायचं नाही, आणि मालक दोन दिवस बंद ठेवायला तयार नाही.”

“वेडा आहेस का?” ताई म्हणाली. “वीस वर्षांची नोकरी सोडून काठी आपटत बसणार? अरे, मंत्र्याने आज भर सभागृहात शब्द दिलाय. पंधरा वर्षांवरचे सगळे बॉयलर सरकारच तपासणार. तुझी सही नुसती नावाला. महिन्या-दोन महिन्यांत तपासनीस दारात उभा राहील.”

“नक्की असंच म्हणाला?”

“या हाताने लिहिलंय,” ताई म्हणाली, आणि हात वर करून दाखवला.

भावाने आयुष्यात एकाच कागदावर विश्वास ठेवला होता, तो म्हणजे ताईने लिहिलेला. कायदा लागू झाला त्या दिवशी त्याने सही केली.

एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. तपासनीस फिरकला नाही. भाऊ सुट्टीच्या दिवशी स्वतः त्यांच्या कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनाने नियमांचं पुस्तक पुढ्यात टाकलं. “यात असलं काही नाही. मंत्री म्हणाले म्हणता, तर कागद आणा. तोंडी काय, लोक काहीही बोलतात.”

“ताई, त्या दिवसाचं पान आण ना,” भाऊ घरी येऊन म्हणाला. “कारकुनाच्या नाकावर मारतो. तोवर मी दाब खालीच ठेवतोय, पण मालक बोंब मारतो, चादरी वाळत नाहीत म्हणून.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईने ग्रंथालयातून तो खंड काढला. पान सापडायला वेळ लागला नाही. मास्तरांचं भाषण होतं. त्याखाली लगेच, ‘मंत्रिमहोदयांचा शब्द मानून मी दुरुस्ती मागे घेतो.’ मध्ये काहीच नव्हतं.

तिने पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. बोट ठेवून वाचलं. मग ती तिथल्या शिडीवर बसली. काय झालं असेल ते तिला शोधावं लागलं नाही. त्या दिवशी वर जाऊन ती टंकायला बसली होती, वहीत आडवी रेघ आली होती, आणि सव्वीस वर्षांच्या बोटांनी रेघेपाशी आपोआप थांबून कागद काढला होता. जोड येणारीचा. पण येणारीला तर तिनेच थांबवलं होतं. ते वाक्य हट्टाने स्वतःच्या वहीत घेतलं, आणि तिथेच ठेवून दिलं. कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. मंत्र्याने आधीच्या भाषणात ‘हा माझा शब्द आहे’ म्हटलेलंच होतं. वाचणाऱ्याला वाटणार, मास्तर त्याच शब्दाबद्दल बोलताहेत.

वह्या तीन महिन्यांनी लगद्याला जायच्या. ती वहीही गेली होती.

शाखाप्रमुख भला माणूस होता. निवृत्तीला सात महिने राहिलेल्या माणसाइतका भला. त्याने ऐकून घेतलं, दार लावलं. “ध्वनिफीत?”

“माईक बंद होता.”

“मग आता काय करायचं म्हणता? छापलेल्या कामकाजात वाक्य घालायचं तर मंत्र्यांची लेखी संमती लागते.”

“मागू या.”

प्रमुखाने विचारणा पाठवली. तिसऱ्या दिवशी मंत्र्याच्या सचिवाचं दोन ओळींचं उत्तर आलं. मंत्रिमहोदयांना असं काही म्हटल्याचं स्मरत नाही. कामकाजाचं पान त्यांनी तपासून सही केलेलं आहे. कानांवर हात ठेवायला कोणाला काय लागतं? कागदच त्याच्या बाजूने होता, आणि तो ताईनेच तयार करून दिला होता.

ताई मास्तरांच्या घरी गेली. मास्तरांना सगळं आठवत होतं. ते रागाने उठले, आणि पुन्हा बसले. “बाई, मी आज पत्रक काढलं तर ते म्हणतील, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. तुम्हीच लिहिलं नाहीत, तर माझं कोण ऐकणार? सभागृहातच उभं करतो त्याला. अधिवेशन पंधरा दिवसांनी आहे. तेवढा धीर धरा.”

पंधरा दिवस. ताईने मनाशी म्हटलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

त्या संध्याकाळी भाऊ म्हणाला, “पान मिळालं?”

तेव्हा सांगायचं होतं. भाऊ समोर होता, पाय धुऊन पंच्याने पुसत होता, थट्टेच्या मूडमध्ये होता. एक वाक्य, त्यालाही अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ज्या हाताची तिने शपथ घेतल्यासारखी मिरवणूक काढली होती, तो हात चुकला, हे त्या एकाच माणसापुढे म्हणणं तिला जमलं नाही. प्रमुखापुढे जमलं, मास्तरांपुढे जमलं. भावापुढे जीभ उचलेना. चोराच्या मनात चांदणं असतं, तिच्या मनात नुसता काळोख होता.

“खंड बांधायला गेलाय,” ती म्हणाली. “आला की आणते.”

“लवकर आण बाई. मालकाने काल स्वतः येऊन दाब वाढवला. म्हणतो, सही केलीस ना, मग आता कशाला घाबरतोस?”

“येईल,” ताई म्हणाली.

त्यानंतर तो रोज विचारायचा, आणि ती रोज काहीतरी सांगायची. बांधणारा आजारी आहे. ग्रंथपाल रजेवर आहे. खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं. कामावर ती पूर्वीपेक्षा जास्त काळजीने लिहू लागली, नवीचे कागदही दोनदा तपासू लागली. नवी बिचारी घाबरून म्हणाली, “ताई, माझं काही चुकलं का?” ताई म्हणाली, “तुझं नाही गं.”

दहाव्या दिवशी, सकाळी साडेअकराला, बॉयलरचा मागचा पत्रा फाटला. भिंत पलीकडच्या इस्त्रीच्या खोलीत कोसळली. तिथे चादरींच्या घड्या घालणाऱ्या सहाजणी होत्या. दोघी जागच्या जागी गेल्या. त्यांपैकी एक पुढच्या महिन्यात काम सोडून लेकीकडे राहायला जाणार होती. भाऊ पुढच्या बाजूला, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघत होता, म्हणून वाचला. पाय आणि पाठ वाफेने सोलून निघाली.

मालकाने दुपारीच पोलिसांना फॉर्म दाखवला. मालकाची सही ‘कामगाराच्या अहवालावरून’ होती. अहवाल भावाचा. यंत्र तपासलं, ठीक आहे. खाली परवान्याचा क्रमांक आणि त्याचं वळणदार नाव, ताईनेच लहानपणी गिरवून घेतलेलं. उद्योगमंत्र्याने संध्याकाळी दुःख व्यक्त केलं, आणि कायद्याने जबाबदारी कशी स्पष्टपणे निश्चित केली आहे तेही सांगितलं. दोषी कोणीही असो, सुटणार नाही, म्हणाला.

ताईला भेटू दिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. वॉर्डाच्या दाराशी एक शिपाई खुर्ची टाकून बसला होता. भाऊ कुशीवर होता, पाठीवर ओलं फडकं, डोळे उघडे. त्याच्या अंगावरची चादर कदाचित त्याच्याच कारखान्यात धुतलेली होती.

“त्या दोघी गेल्या ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“मला कोणी सांगत नव्हतं.” मग म्हणाला, “ताई, आता ते पान पाहिजे. जबाब घ्यायला येणार आहेत. मी म्हणणार, मंत्र्याने तपासणी करतो म्हटलं होतं, म्हणून मी सही केली. नाहीतर मी केली नसती. पान दाखवलं तर मानतील.”

“पान नाही,” ताई म्हणाली.

“अजून बांधून आलं नाही?”

“त्यात ते वाक्य नाही. मी गाळलं. माझ्या वहीत होतं, टंकताना राहिलं. तो बोलला होता, देवाशपथ बोलला होता. पण कागदावर नाही.”

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, आश्चर्यही फारसं नाही. कष्टाने तो काहीतरी जुळवत होता.

“चूक कोणाचीही होते,” तो शेवटी म्हणाला. ताई पुढे वाकली, त्याच्या केसांवरून हात फिरवायला. तेव्हा त्याने विचारलं, “तुला कधी कळलं?”

ती खोटं बोलू शकली असती. काल रात्री, म्हणाली असती. सव्वीस वर्षं जसं घडलं तसं लिहिणारी बाई दहा दिवस खोटं बोलून आता थकली होती.

“तू पान आण म्हणालास, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“म्हणजे खंड बांधायला गेलाय म्हणालीस, तेव्हा?”

“तेव्हा तीन दिवस झाले होते.”

“मी रोज विचारत होतो.”

“हो.”

“मला वाटत होतं, तपासनीस येतोय. आज नाही तर उद्या. म्हणून मी तिथे उभा होतो.” त्याचा आवाज अजिबात चढला नाही. “तू त्या दिवशी सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी भट्टी विझवली असती, ताई. किल्ली मालकाच्या अंगावर फेकून घरी आलो असतो. बस्स. एवढंच करायचं होतं.”

ताईने पुढे नेलेला हात मागे घेतला.

थोड्या वेळाने जबाब घ्यायला अधिकारी आला. तरुण होता, सभ्य होता. स्टूल ओढून बसला, मांडीवर पाटी आणि कागद घेतला. ताईला म्हणाला, “तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा. मध्ये बोलायचं नाही.” ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

“फॉर्मवरची सही तुमचीच?”

“माझीच.”

“यंत्र न तपासता केलीत?”

“आतून तपासलं नव्हतं.”

“मग का केलीत? मालकाने धमकावलं? कोणी काही सांगितलं होतं, की पुढे सरकारी तपासणी होणार आहे वगैरे? तसं असेल तर आत्ताच सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे.”

सांग, ताईला ओरडावंसं वाटलं. माझं नाव घे. माझी नोकरी जाऊ दे, मला उभं कर, सगळं मान्य करते मी.

“कोणी नाही,” भाऊ म्हणाला.

“घरच्यांशी बोलला असाल की सही करण्याआधी? घरी कोण आहे?”

भावाने मान वळवून छताकडे पाहिलं. ती तीन हातांवर होती. एकेक शब्द तिला स्वच्छ ऐकू आला.

“घरी माझं कोणी नाही,” तो म्हणाला.

“साहेब, मी—” ताई पुढे आली.

“बाई, मध्ये बोलू नका म्हटलं ना,” अधिकारी मान वर न करता म्हणाला, आणि त्याने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.